कांदा फुलतो तेव्हा

वसंतात फुलणारे कंद म्हटलं की फोनच्या पडद्यावर ट्युलिप येतात. लाल-पिवळ्या फुलांच्या लांबच लांब रांगा, मागे डोंगर नाहीतर पवनचक्की. आपल्या पठारावर वसंत असा येत नाही. इथे चैत्र म्हणजे विहिरींनी तळ दाखवायला सुरुवात केलेली, ढेकळं तापलेली आणि दुपारी बारानंतर रस्ता सुनसान. तरीही होळीच्या आगेमागे आपल्याकडे एक कंद फुलतो, आणि तो आपण जवळजवळ रोज खातो. तो म्हणजे कांदा.

कांद्याचं फूल शहरातल्या फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं. पाहायचं तर माघ-फाल्गुनात पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या बाजूला जावं. हा कांद्याचा मुलूख. बहुतेक वावरांत कांदा फुलू नये अशीच शेतकऱ्याची इच्छा असते. बियाण्यासाठी राखलेल्या तुकड्यात मात्र गोष्ट उलटी. तिथे आदल्या हंगामातले निवडक कांदे दिवाळीच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावतात. त्यांतून हिरवे, पोकळ दांडे सरळ वर येतात. दांड्याच्या टोकाला पातळ पापुद्र्यात बांधलेली एक गाठ असते. पापुद्रा फाटला की आतून शेकडो बारीक पांढऱ्या फुलांचा गोल गोंडा बाहेर येतो. हा गोंडा एका दिवसात फुलत नाही. दोन-तीन आठवडे त्यातली फुलं थोडी थोडी उमलत राहतात, आणि तोवर मधमाश्यांची ये-जा चालू असते.

हे घरीही होऊ शकतं. ओट्याखालच्या टोपलीत मोड आलेला कांदा फेकून न देता थंडीच्या सुरुवातीला परसात किंवा बाल्कनीतल्या कुंडीत खोचला, तर पुष्कळदा तो फुलून दाखवतो. विकत काही आणावं लागत नाही. रोज सकाळी दांडा किती वर आला हे बघण्याची सवय लागते, आणि गोंडा उमलला की घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवावासा वाटतो.

या साध्या आनंदाबद्दल एक अवघड प्रश्न विचारता येतो. जिथे पाण्याच्या प्रत्येक हंड्याचा हिशेब असतो, तिथे नुसतं बघण्यासाठी फूल फुलवणं योग्य आहे का?

*

आधी कंदाच्या आत काय चालतं ते पाहू. कांदा चिरताना सुटणारे पापुद्रे हे खरं तर पानांचे जाड झालेले तळ असतात. पानांनी उन्हात कमावलेलं अन्न तिथे साठतं. कांदा पहिल्या हंगामात कमावतो आणि दुसऱ्या हंगामात खर्च करतो. काही आठवडे पुरेशी थंडी मिळाली की आत फुलाचा दांडा धरतो, आणि मग सगळी साठवण त्या दांड्याकडे वळते. फूल वर येतं तसतसा खालचा कांदा रिता होत जातो.

म्हणून बाजारासाठी लावलेल्या वावरात अवेळी आलेला दांडा हा दोष ठरतो. त्याला डेंगळा म्हणतात. डेंगळे आलेला कांदा मधून कडक निघतो, चाळीत टिकत नाही, भाव पडतो. बियाण्याच्या तुकड्यात तोच दांडा म्हणजे पुढच्या वर्षीचं उळं, पुढच्या वर्षीचं पीक. दोन्हीकडे घडतं तेच. एका बांधावर नुकसान, शेजारच्या बांधावर आशा. फूल चांगलं की वाईट, याचा निकाल फुलाकडे बघून लागत नाही. ती साठवण कशासाठी केली होती, यावर तो लागतो.

*

राळेगणसिद्धीत हा प्रश्न कल्पनेतला नाही. हे पर्जन्यछायेतलं गाव. वर्षाला साधारण ४०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. खाली काळा पाषाण. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी इथे काम सुरू केलं तेव्हा गावात दुष्काळ होता, कर्ज होतं आणि दारूच्या भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या मंदिराची लाकडंसुद्धा भट्ट्यांसाठी गेली होती, असं ते सांगत आले आहेत. पुढे श्रमदानातून मंदिर उभं राहिलं. समतल चर, नालाबांध, पाझर तलाव झाले. ओढ्यावाटे निघून जाणारं पाणी गावाखाली थांबायला लागलं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री ठरली. उसासारखी भरमसाट पाणी लागणारी पिकं नकोत, हेही ठरलं.

एका अर्थाने गावाने कंदाचाच मार्ग धरला. जे काही थोडं मिळतं ते जमिनीखाली साठवायचं, आणि वर काही दिवस कमी दिसलं तरी चालवून घ्यायचं.

या काटकसरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कुठलीही बंदी सगळ्यांना सारखी जड नसते. ज्याची बागायत आहे त्याला चराईबंदी म्हणजे थोडी गैरसोय. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या आहेत त्याला ती पोटाला चिमटा. आणि राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले जात, हे स्वतः हजारे यांनीच वेळोवेळी सांगितलं आहे. संसार वाचले म्हणून अनेकांनी त्याचं समर्थन केलं, आणि माणसाला असं सुधारता येतं का, असा प्रश्नही अनेकांनी विचारला. मला तो प्रश्न रास्त वाटतो. भीतीने पाळलेला संयम मारणाऱ्याचा हात थकेपर्यंत टिकतो. त्यापुढे तो टिकायचा असेल तर माणसाकडे दुसरं काही कारण असावं लागतं.

*

आता आक्षेप त्याच्या पूर्ण ताकदीने मांडू. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ज्यांनी खडी फोडून मजुरी मिळवली, ज्यांनी पुढची कित्येक वर्षं टँकरमागे हंडे घेऊन धाव घेतली, त्यांच्यासमोर उभं राहून 'मी अंगणात फुलझाडं लावलीत' असं म्हणताना जीभ जरा अडखळते. जनावरांना पाणी कमी पडत असताना फुलाला तांब्याभर पाणी घालणं ही चैन नाही का? तो तांब्या लहान असेल, पण सवय मोठी असते. आज कुंडी, उद्या हिरवळ, परवा कारंजं.

या आक्षेपाला आपण सहसा काय उत्तर देतो? फुलं देवाला लागतात. मधमाश्या येतात, त्यामुळे पीक वाढतं. फुलं बघून मनावरचा ताण उतरतो. यातलं काहीच खोटं नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे बी धरायला मधमाशी लागतेच. तरी या उत्तरांत एक गडबड आहे. फूल उपयोगी आहे म्हणून चालेल, असं म्हटलं की आपण समोरच्याची मूळ अट मान्य करून टाकतो: जे उपयोगी नाही त्याला पाणी नाही. उद्या कुणी सिद्ध केलं की ताण उतरवायला गोळी स्वस्त पडते, तर फुलाचं पाणी तोडावं लागेल.

खरी गोष्ट अशी की पाणी वाचवणाऱ्या गावांनी स्वतः कधी उपयोगाची फूटपट्टी लावली नाही. ऊस निरुपयोगी आहे का? उसाची साखर होते, पैसा येतो, कारखाना चालतो. तरी राळेगणने ऊस नको म्हटलं. हिवरे बाजारला दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतात, आणि तिथेही उसाला जागा नाही. म्हणजे मोजमाप उपयोगाचं नव्हतंच.

ते कशाचं होतं, हे सगळ्यात स्वच्छ मांडलं पुरंदर तालुक्यातल्या नायगावात, विलासराव साळुंखे यांनी. पेशाने अभियंता आणि उद्योजक असलेला हा माणूस १९७२ च्या दुष्काळानंतर या कामात पडला. त्यांच्या पाणी पंचायतीचा नियम असा: पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, माणसांच्या मापाने वाटायचं. घरातल्या दर माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. आणि ऊस घ्यायचा नाही.

हा नियम डोक्यात ठेवून फुलाकडे परत या. माझ्या वाट्याच्या पाण्यातून, समजा भाज्या धुतलेल्या पाण्यातून, मी निशिगंधाची चार रोपं जगवली, तर मी कुणाचं काही घेतलेलं नाही. माझ्या वाट्याचं मी काय करावं, प्यावं की मिरच्या लावाव्यात की नुसता वास घ्यावा, हे मला कुणी विचारू नये. तेच फूल दुसऱ्याच्या वाट्याच्या पाण्यावर फुललं असेल, तर ते देवाला वाहिलं तरी चोरीचंच राहतं. सोसायटीच्या कारंज्याबद्दल राग येतो तो पाणी उडताना सुंदर दिसतं म्हणून नव्हे. मागच्या वस्तीत तिसऱ्या दिवशी नळ येतो, म्हणून तो राग असतो.

*

पण वाटा फक्त आज जिवंत असलेल्यांत करून भागत नाही. पुढे येणाऱ्यांचाही वाटा असतो, आणि त्यांना ग्रामसभेत हात वर करता येत नाही. इथे कंद आणखी एक गोष्ट शिकवतो, आणि त्यासाठी ट्युलिपकडे वळावं लागेल.

ट्युलिपला फुलायला साधारण १२ ते १६ आठवड्यांची सलग थंडी लागते. ती आपल्या पठारावर मिळत नाही. म्हणून हौशी माणसं बाहेरून आलेले कंद ऑनलाइन मागवतात, काही आठवडे फ्रिजमध्ये ठेवतात, मग कुंडीत लावतात. फूल येतं. दिल्लीत तर नेदरलँड्सहून आणलेले ट्युलिप दर फेब्रुवारीत रस्त्याकडेला फुलवतात. मात्र ते फूल आपण कमावलेलं नसतं. ट्युलिपची कळी आदल्या उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार झालेली असते. दूरच्या कुठल्या तरी शेतात, तिथल्या मातीवर आणि पावसावर ती साठवण झालेली असते. आपण ती फक्त खर्च करतो. आपल्या उन्हात त्या कंदाला पुन्हा भरून यायला सवड मिळत नाही, म्हणून फूल सरलं की तो कचऱ्यात जातो.

खोल बोअर घेणं हे याच जातीचं काम आहे. विहिरीचं पाणी यंदाच्या नाहीतर गेल्या पावसाचं असतं. पाऊस पडतो, विहीर भरते, उपसा होतो, पुन्हा भरते. शेकडो फूट खालच्या भेगांत जे सापडतं ते कधीतरी, फार सावकाश मुरलेलं असतं. ते उपसून बाग फुलली, तर ती बाग दुसऱ्या काळाने साठवलेल्या पाण्यावर फुलली. भेग रिकामी झाली की आपण आणखी खोल जातो, म्हणजे नवा कंद मागवतो.

आता निशिगंध बघा. बाजारात याला गुलछडी म्हणतात. याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचं 'फुले रजनी' नावाचं वाणही काढलं आहे. निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फूल देऊन तो संपतो, पण संपण्याआधी भोवती पिल्लं सोडतो. पुढच्या वर्षी ती पिल्लं फुलतात. खर्च तोही सगळा करतो, हातचं राखत नाही. फरक एवढाच की त्याचा खर्च होऊन गेल्यावर मातीत आधीपेक्षा जास्त कंद उरलेले असतात.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या ॲझ्टेक लोकांच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'हाडाचं फूल' असा होतो, बहुधा त्याच्या पांढऱ्या रंगावरून. आज तो तिथल्या रानातही आपोआप उगवलेला सापडत नाही, असं मानलं जातं. जगात जिथे जिथे निशिगंध आहे तिथे तो माणसाने लावलेला आहे. म्हणजे गेली कित्येक शतकं कुणी ना कुणी पिल्लं वेगळी करून, सुकवून, पुन्हा जमिनीत पुरत आलं, म्हणून आज आपल्या परसात त्याचा वास आहे. ही साखळी उपाशीपोटी तुटली असती तर कुणी दोष दिला नसता. तरी ती टिकली. लोकांनी टंचाईच्या वर्षांतही ज्याचा काही उपयोग नाही अशा वासासाठी थोडी जागा राखली.

*

कुणी म्हणेल, फुलासमोर उभं राहून वाटा, खर्च, शिल्लक असलं काही डोक्यात आणायचं असेल तर आनंद उरतोच कुठे? आनंद हा हिशेब विसरण्यातच असतो ना?

मला उलटं वाटतं. ज्याचा हिशेब झालेला नाही त्या सुखात एक कुरतड असते. आपण ती मोठ्या आवाजाने, जास्त फोटोंनी, 'आपण तरी किती दिवस जगणार' अशा बोलण्याने झाकतो. हिशेब एकदा नीट झाला की तो विसरता येतो. राळेगणच्या किंवा नायगावच्या माणसाला आपल्या वाट्याच्या पाण्यावर फुललेलं फूल बघताना जी निर्धास्ती मिळू शकते, ती कारंजेवाल्या सोसायटीला मिळत नाही.

आणि ज्या प्रश्नापाशी आपण मघाशी थांबलो होतो, की भीती नसताना माणसाने संयम का पाळावा, त्याचं उत्तरही इथेच कुठेतरी आहे. साठवण नुसती साठवणीसाठी कुणी करत नाही. नुसतं साठवत राहणाऱ्याला आपण कंजूष म्हणतो, आणि कंजूष गावातली पोरं पहिली संधी मिळताच गाव सोडतात. श्रमदानात घाम गाळलेल्या बापाच्या मुलीला कधीतरी दिसायला हवं की त्या पाण्यातून शाळा उभी राहिली, दूध वाढलं, आणि दाराशी काहीतरी असं फुललं जे कुणाला विकायचं नाही. मग चर खोदण्याचं कारण तिला खांबाला बांधून समजावून द्यावं लागत नाही.

बाल्कनीत ट्युलिप फुलवू नका, असं याचं तात्पर्य नाही. दहाव्या मजल्यावर आजारी आईच्या खिडकीत कुणी एक ट्युलिप फुलवला, तर त्याला तराजू दाखवणारा माणूस मला आवडणार नाही. पण अपवादाला अपवाद म्हणून ओळखता यावं. रोजच्या जगण्याचा साचा ट्युलिपचा असू नये. आपण ज्या गतीने बोअर, वाळू, डोंगर खर्च करतो आहोत, त्यात तो साचा केव्हाच ठरून गेला आहे, आणि त्यात फुलांचा काही दोष नाही.

कंद लावणाऱ्यांची एक साधी रीत आहे. फूल सरलं की दांडा काढायचा, पण पानं कापायची नाहीत. ती वेडीवाकडी लोळतात, पिवळी पडतात, कुंडी ओंगळ दिसते, तरी ठेवायची. कारण त्या दिवसांत ती पानं खालचा कंद आणि त्याची पिल्लं पुन्हा भरत असतात. पानं आपोआप वाळली की पाणी कमी करायचं आणि कंदाला विसावा द्यायचा. विसाव्यातल्या कंदाला मायेने पाणी घातलं तर तो कुजतो. या काळात कुंडीचा कुणी फोटो काढत नाही. पुढच्या वर्षी फूल येणार की नाही, हे याच काळात ठरतं.

कांद्याच्या बाबतीत तर सवड आणखी कमी. कांद्याचं बी वर्षभरातच जोर गमावू लागतं. ते कोठीत भरून नातवंडांसाठी ठेवता येत नाही. दर वर्षी कुणीतरी चांगले कांदे न खाता, न विकता बाजूला काढावे लागतात, जमिनीत पुरावे लागतात आणि त्यांना फुलू द्यावं लागतं. फाल्गुनात पारनेरच्या एखाद्या तुकड्यात पांढरे गोंडे डुलताना दिसले, तर समजावं की त्या घरी यंदा कुणीतरी थोडं कमी विकलं आहे.